धाकूची बारी

लग्नात सनई वाजते तेव्हा सगळे सनईवाल्याकडे बघतात. त्याच्या शेजारी गाल फुगवून, डोळे अर्धे मिटून आणखी एक माणूस बसलेला असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो सूर धरतो. सूर म्हणजे एकच स्वर, न थांबता, न हलता, मुहूर्ताच्या आधीपासून थेट पंगती उठेपर्यंत. त्याच्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली असतात, कारण बोटं हलवायचं त्याला कामच नसतं. नाकानं श्वास घ्यायचा, गालात साठवायचा, आणि गालातला सोडता सोडता पुन्हा नाकानं घ्यायचा. नीट जमलं तर कुणी शाबासकी देत नाही. चुकलं तर मात्र वरमाय मान वर करून बघते.

भांडुपचा धाकू हा असा सुराचा माणूस. त्याचा मोठा भाऊ राजाराम सनई वाजवायचा आणि धाकू त्याच्या शेजारी बसून सूर धरायचा. राजारामचं नाव मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत गाजलेलं. लोक आधी राजारामची तारीख विचारायचे आणि मग भटजींकडे मुहूर्त काढायला जायचे, अशी ख्याती. धाकूच्या सुराबद्दल मात्र आजवर कुणी चकार शब्द काढलेला नव्हता. गिरणी चालू होती तोवर धाकू पाळी सांभाळून लग्नं करायचा. संपात गिरणी गेली आणि हातात सूर तेवढा उरला.

ही वाटणी वडिलांनी केलेली. गावाकडची जमीन वाटावी तशी त्यांनी थोरल्याला सनई दिली आणि धाकट्याला सूर दिला. वर एक दंडक घालून दिला: आभाळ कोसळलं तरी सूर तुटता कामा नये. नवरदेव रुसू दे, व्याही भांडू देत, सूर चालूच पाहिजे. शुभकार्यात सूर तुटणं म्हणजे अपशकुन. लहानपणी धाकूला एकदा ऐन मंगलाष्टकांत शिंक आली होती, तेव्हा वडिलांनी त्याला भर मांडवात अशी थोबाडीत ठेवून दिली की त्यानंतर सुरावर बसलेला धाकू कधी शिंकला नाही. पडसं झालेलं असलं तरी नाही. माणूस किती घाबरला म्हणजे त्याचं नाकसुद्धा ऐकतं, ते धाकूला विचारावं.

पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात मुलुंडला एका लग्नात या बसलेल्या घडीला पहिला धक्का बसला. हॉलच्या दारावर सनईवाल्यांसाठी छोटीशी माडी होती. पंगत उठली, राजारामनं सनई खाली ठेवली, आणि एक उंच, ताठ कण्याचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ लाकडी जिना चढून वर आले. राजारामनं टोपी सारखी केली. कौतुक ऐकून घ्यायची त्याला सवय होती आणि त्यासाठी चेहरा कसा करायचा हेही त्याला पाठ होतं. पण गृहस्थ त्याला नमस्कार करून पुढे गेले आणि धाकूसमोर मांडी घालून बसले.

"तुम्ही श्वास कधी घेता हो?" त्यांनी विचारलं. "मी तासभर जेवण सोडून तुमच्याकडे बघतोय. मला तुमचा श्वास एकदाही दिसला नाही."

धाकू गोंधळला. त्याला वाटलं, काहीतरी चुकलंय. "नाकान् घेतंय, साहेब," तो म्हणाला.

हे मार्तंड सबनीस. उभा जन्म नौदलाच्या बँडमध्ये काढून आता मुलुंडला निवृत्त होऊन राहिलेले. त्यांचं वाद्य ओबो. ओबो म्हणजे आपल्या सनईची सातासमुद्रापलीकडची मावसबहीण, तशीच दुहेरी पत्ती ओठांत धरून वाजवायची. त्यांची मुलगी शुभा घाटकोपरला बँकेत नोकरी करायची आणि वडिलांकडूनच ओबो शिकली होती. बापलेकीचा जीव एका रचनेवर जडला होता. युरोपातल्या कुणा दरबारी वादकानं अडीचशे वर्षांपूर्वी ती लिहिलेली: दोन ओबो आणि एक बासून. बासून हा त्या घराण्यातला अगडबंब मामा, खालच्या पट्टीत बोलणारा. पूर्वी रतन नावाचा त्यांचा एक दोस्त तो वाजवायचा, पण त्याला बोटीवरच्या वाद्यवृंदात नोकरी लागली आणि बासून मार्तंडरावांच्या कपाटावर येऊन पडला. तेव्हापासून बापलेक खांबाशिवाय मांडव घालत बसले होते.

"दुहेरी पत्ती तुमच्या ओठांना माहीत आहे. दम तर असा मी नौदलातही पाहिला नाही," मार्तंडराव म्हणाले. "बाकीचं मी शिकवतो. येणार का?"

राजाराम हसला. त्याला ही सगळी मोठ्या लोकांची हौस वाटली. "घेवन जा तेका," तो म्हणाला. "पण लग्नाच्या दिवशी माका माजो सूर परत होयो."

धाकू दर रविवारी मुलुंडला जायला लागला. बासून पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तो धाकूच्या खांद्याच्याही वर गेला. जाडजूड लाकडी नळा, दुमडलेला, अंगभर दाबायच्या चांदीसारख्या कळा, आणि वरून निघालेली एक वाकडी बारीक नळी. तिच्या टोकाला पत्ती. जन्मभर ज्याची बोटं हलली नव्हती त्याला आता दहाच्या दहा बोटांनी काम करायचं होतं. त्यातही डाव्या अंगठ्यावर तर एवढ्या कळा की धाकूला वाटे, हे वाद्य बनवणाऱ्याचं अंगठ्याशी काहीतरी वैर असावं. शिवाय मार्तंडराव गाल फुगवू देत नसत. जरा फुगले की पेन्सिलीनं टोचत. "गाल आत! तू माडीवर नाहीस!" अहो-जाहो पहिल्या महिन्यातच संपलं होतं. धाकूही त्यांना मास्तर म्हणायला लागला होता.

कागदावरच्या विलायती स्वरलिपीच्या त्या मुंग्या धाकूला कधीच वाचता आल्या नाहीत. शुभा एकेक ओळ सरगममध्ये गाऊन दाखवायची आणि तो पाठ करायचा. एकदा पाठ झाली की ती ओळ त्याच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नसे. असं करता करता पावसाळा संपायच्या सुमारास एक दिवस पहिल्या भागातली बासूनची चाल त्याच्या हातून सलग निघाली. सावकाश, एकेक पायरी उतरत, मग वळून दोन पायऱ्या चढत. धाकूनं वाजवलेला स्वर पहिल्यांदाच एका जागेवरून उठून दुसरीकडे गेला. तो थांबला आणि त्याला रडू आलं. शुभाला कळेना काय झालं. त्यालाही सांगता येईना. तो म्हणाला, पत्तीचा काटा ओठाला लागला.

सरावासाठी बासून भांडुपला घरी आला तेव्हा चाळीतली निम्मी माणसं दारात गोळा झाली.

"ह्या वाद्य आसा की गच्चीवरचो पायप?" त्याची बायको मालन म्हणाली. मग नाव ऐकल्यावर पदर तोंडाला लावून हसली. "बसून वाजवूचा म्हणान बासून काय?"

शेजारच्यांना पहिले काही दिवस चाळीत कुणी म्हैस बांधल्यासारखं वाटलं. नंतर सवय झाली. पुढे तर असं झालं की धाकूनं चाल मध्येच सोडली तर खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडायचं, "पुरा कर रे मेल्या!" मालनही भाकऱ्या थापताना ती चाल गुणगुणायची. माणसाला अडीचशे वर्षांपूर्वीचं विलायती संगीत पचायला फार काही लागत नाही, चाळीच्या भिंती पातळ असल्या की पुरे.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण बोटांना चटक लागली. पुढच्या मे महिन्यात भांडुपच्याच एका लग्नाला निघायच्या आधी धाकूनं मालनच्या केसांतला आकडा घेतला आणि सूर-सनईच्या दोन भोकांतलं मेण कोरून काढलं. का काढलं, हे त्यालाही धड माहीत नव्हतं. आपण काही वाजवणार नाही, नुसती भोकं उघडी असली म्हणजे बरं वाटेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. हे म्हणजे मांजरानं दुधाच्या पातेल्यावरचं झाकण नुसतं वाऱ्यासाठी काढावं तसं झालं. वधूवरांनी एकमेकांना हार घातले, राजारामनं तान घेतली, आणि धाकूची दोन बोटं आपोआप उचलली गेली. सूर जागचा हलला. वर गेला, खाली आला, पुन्हा जागेवर बसला. अर्ध्या क्षणाचं काम, पण राजारामची तान अधांतरी लटकली आणि खाली खरोखरच वरमायेनं मान वर केली.

लग्न पार पडेपर्यंत राजाराम वाजवत राहिला. पाहुणे पांगले तेव्हा त्यानं धाकूची सनई उचलून उजेडात धरली.

"मेण खय गेला?"

"काढलंय."

"कित्याक?"

"बोटा हलाक लागली, दादा."

"सुराच्या माणसाक बोटा कशाक होयी?" राजाराम म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला.

आठवड्याभरात राजारामनं विजेची सुरपेटी आणली. टिफिनच्या डब्याएवढी, पुढे दोन बटणं. साथीच्या दशरथ नगारेवाल्यासमोर, धाकूसमोर, भावकीतल्या चार माणसांसमोर त्यानं ती लावून दाखवली. पेटीतून गुंजन सुरू झालं, एकसारखं, न तुटणारं.

"बटान दाबला की सूर लागता," राजाराम म्हणाला. "शिंकत नाय, बोटा हलवत नाय आणि माजी लाज काढत नाय."

सगळे हसले. धाकू उठून घरी आला. आपण जन्मभर छातीच्या भात्यानं जे केलं ते एका बटणाएवढं होतं, हे त्याच्या डोक्यात घणासारखं पडत राहिलं. त्या रात्री तो जेवला नाही. मालननं राजारामच्या नावानं भांडी आपटली, पण त्यानं काय होणार? धाकूपुढे आता एकच वाट होती. डिसेंबरात अंधेरीला एका शाळेच्या सभागृहात पाश्चात्त्य संगीताच्या मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता आणि त्यात मार्तंडरावांनी ही रचना लावली होती. तिथे बासून वाजला तर धाकू माणूस ठरणार होता. नाही वाजला तर पेटी खरी.

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. रचनेचे पहिले तीन भाग धाकू आता झोपेतही वाजवू शकत होता. चौथा भाग मात्र वेगळाच होता. त्याची सुरुवात एकटा पहिला ओबो करतो. थोड्या वेळानं तीच चाल घेऊन दुसरा ओबो येतो. दोघांची जुंपते, आणि तोवर बासूननं गप्प राहायचं. पूर्ण गप्प. मग तिसरा म्हणून बासून तीच चाल घेऊन खालून उठतो.

धाकूला गप्प राहता येईना. मार्तंडरावांनी चाल सुरू केली की त्याच्या पोटातून आपोआप षड्ज निघायचा आणि चालूच राहायचा. तो थांबवायला गेला की पुढच्या श्वासाला पुन्हा लागायचा. पुढे त्याची स्वतःची चाल आली की ती या लांबलेल्या सुरातच बुडून जायची, बासून आला कधी ते कळायचंच नाही.

"धाकूकाका, इथे तुम्ही नाही आहात!" शुभा वैतागून म्हणायची. "थांबा ना!"

"थांबतंय, ताई," धाकू म्हणायचा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. डोक्यानं त्याला सगळं समजत होतं. पण आजूबाजूला संगीत चालू आहे आणि आपण सूर सोडला आहे, ही गोष्ट त्याच्या अंगाला मान्य नव्हती. गाल झोंबायचा, इतक्या वर्षांपूर्वीची ती थोबाडीत आत्ता बसल्यासारखा.

कार्यक्रम महिन्यावर आला. मंडळाच्या लोकांनी सुचवलं, बांद्र्याचा एक चेलोवाला आहे, खालच्या पट्टीतलं मोठं व्हायोलिन वाजवणारा; बासूनची ओळ तो वाजवील. मार्तंडरावांनी ही गोष्ट धाकूपासून लपवली नाही. "पुढच्या रविवारी जमलं तर तू," ते म्हणाले. "नाहीतर माझा नाइलाज आहे रे."

त्या शनिवारी संध्याकाळी भांडुपच्या मैदानात भजनाची डबलबारी होती. सिंधुदुर्गातले दोन नामांकित बुवा, समोरासमोर दोन मंच, मध्ये माणसांचा समुद्र. एका बुवानं आपली बारी सादर करायची, दुसऱ्याला गाण्यातूनच टोमणा मारायचा, आणि मग दुसऱ्यानं आपली बारी आली की त्याचा हिशेब चुकता करायचा. धाकूला जायची इच्छा नव्हती. मालन त्याला ओढून घेऊन गेली.

पहिले बुवा रंगात आले होते. पखवाज कडाडत होता, मागे साथ धरणाऱ्या झिलकऱ्यांचा कोरस टिपेला पोचला होता, लोक माना डोलवत होते. धाकूची नजर मात्र समोरच्या मंचाकडे गेली. तिथे दुसरे बुवा पेटीवर हात ठेवून बसले होते. एक शब्द नाही, एक स्वर नाही. पहिल्या बुवांनी एक झणझणीत टोमणा हाणला. मैदान हसलं, आणि हसता हसता सगळी मैदानभर माणसं वळून त्या गप्प बसलेल्या बुवांकडे बघायला लागली. आता हा काय बोलतो? बुवांनी मिशीवर हळूच बोट फिरवलं. बस्स, तेवढंच. पण त्या गप्प माणसाकडे बघता बघता धाकूच्या अंगावर काटा आला. बुवा थांबले नव्हतेच. दबा धरून बसलेल्या वाघासारखे ते पूर्णपणे तिथे हजर होते. त्यांच्या गप्प बसण्यानं काहीही तुटत नव्हतं.

त्यांची बारी आली आणि त्यांनी पहिलाच शब्द असा टाकला की मैदान उठून उभं राहिलं. मालन टाळ्या पिटत होती. धाकू तिला ओरडून म्हणाला, "गो, माका गावला!" मालनला वाटलं, याला कुणीतरी ओळखीचं दिसलं.

सकाळी तो मुलुंडला पोचला तो जिन्यातूनच बोलत. "शुभाताई, ही डबलबारी हा! मास्तर पयले बुवा, तुम्ही दुसऱ्या. मास्तर चाल टाकतले, तुम्ही तीच उचलून त्यांच्या अंगावर टाकतल्यात. आणि मी?" त्यानं बासूनला थोपटलं. "मी तिसरो बुवा. माजी बारी येवपर्यंत मी बोलाचाच नाय."

शुभा खो खो हसायला लागली. "झकास! मग टाकू ना मी बाबांच्या अंगावर?"

त्या सकाळी तिनं खरोखरच वडिलांच्या अंगावर चाल टाकली, आणि मार्तंडराव इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोळे वटारून तिच्याशी वाजवायला लागले. धाकू पत्ती ओठांशी धरून बसला. गाल झोंबला, पण त्यानं दोघांवरची नजर काढली नाही. मग त्याची बारी आली आणि बासून खालून असा उठला की कपाटावरची भांडी किणकिणली. पुढे कुणीही चेलोवाल्याचं नाव काढलं नाही.

अंधेरीच्या सभागृहात डिसेंबरातल्या त्या रविवारी सकाळी दोन तऱ्हेची माणसं जमली होती. पुढच्या रांगांत टाळ्या कधी वाजवायच्या हे ठाऊक असलेली माणसं, छापील कागद मांडीवर ठेवून बसलेली. मागे आख्खी चाळ. मालननं सांगताना कुणाला वगळलंच नव्हतं. त्यांनी हार आणले होते, पेढे आणले होते आणि पहिला भाग संपताच कडकडून टाळ्या वाजवल्या. पुढच्या बाई मागे वळून बघायला लागल्या तशी मालननं त्यांच्याकडे बघून अभिमानानं मान हलवली आणि सांगितलं, "माजो घोव तो. मधलो."

धाकूनं मार्तंडरावांचा काळा कोट घातला होता. बाह्या लांब होत्या म्हणून शुभानं आतून टाके घातले होते. पहिल्या टाळ्यांबरोबर त्याची भीती निम्मी उतरली. मग त्यानं समोर बघितलं आणि उरलेली निम्मी दुप्पट होऊन परत आली. तिसऱ्या रांगेत राजाराम बसला होता. त्याची बायको रत्नप्रभा त्याला घेऊन आली होती. तो हाताची घडी घालून, मान थोडी तिरकी करून बसला होता, दुसऱ्याची सनई ऐकताना बसायचा तसा.

दुसरा भाग धावला. तिसरा संथ होता, त्यात बासूनची एक लांब ओळ होती. धाकूनं ती डोळे मिटून वाजवली. डोळे उघडले तेव्हा राजारामची हाताची घडी सुटलेली होती.

चौथा भाग सुरू झाला. मार्तंडरावांनी चाल टाकली, ताठ, चटपटीत, पहिल्या बुवासारखी. शुभानं ती उचलली. दोघांची जुंपली. धाकू गप्प. पत्ती ओठांशी, बोटं कळांवर, नजर दोघांवर. त्याला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

आणि मग त्याला आणखीही काहीतरी ऐकू आलं.

सभागृहात कुठूनतरी एक स्वर निघाला होता. भरदार, नाकातून येणारा, एकसारखा. पुढच्या बाईंनी पुन्हा मान वळवली. कुणीतरी "श्श" केलं. धाकूनं बघितलं. तिसऱ्या रांगेत राजाराम अर्धवट उठून उभा होता, समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून. चेहरा पांढराफटक पडलेला. तोंड मिटलेलं, आणि मिटल्या तोंडातून षड्ज चालू.

धाकूला क्षणात कळलं. सगळ्या सभागृहात फक्त राजारामला असं वाटलं होतं की धाकूचा सूर तुटला. भावाची बोटं थांबली, गाल बसले, चारचौघांत, परक्या लोकांसमोर सूर तुटला. आणि काही विचार करायच्या आत त्यानं तो स्वतः उचलून धरला होता. ज्या राजारामनं जन्मात कधी सूर धरला नव्हता, जो सूर बटणानं लागतो म्हणाला होता, तो आज धाकूसाठी सूर धरून उभा होता. रत्नप्रभा सदरा ओढत होती, लोक शुकशुक करत होते, पण तो सोडायला तयार नव्हता. स्वर अगदी बरोब्बर लागला होता. केसाएवढाही कमीजास्त नाही.

धाकूच्या छातीत इतकं भरून आलं की पत्ती ओठांतून सुटते की काय असं वाटलं. दादा, दादा, असं त्याच्या मनात झालं. शुभानं धास्तावून त्याच्याकडे बघितलं. तिच्या चालीचे शेवटचे स्वर येत होते. धाकूनं पोटभर श्वास घेतला. नाकानं, आणि या वेळी सगळ्यांना दिसेल असा.

बासून उठला. तळघरातून कुणी धिप्पाड माणूस जिना चढत यावा तशी ती चाल वर आली, एकेक स्वर ठासून, खणखणीत. राजारामचा षड्ज जागच्या जागी थांबला. त्याचं तोंड तेवढं उघडं राहिलं. मागून चाळ ओरडली, "वा बुवाऽऽ!" मार्तंडरावांच्या मिशा थरथरल्या, शुभा हसू दाबता दाबता वाजवत राहिली, आणि मग तिघं सुटले. चाल याच्याकडून त्याच्याकडे, वरून खाली, खालून वर. धाकूचा डावा अंगठा त्या दिवशी कुणाचंही काही देणं लागत नव्हता. शेवटचा स्वर तिघांनी मिळून ठोकला तेव्हा पुढच्या रांगा आणि मागच्या रांगा असा काही फरकच राहिला नाही. सगळे उभे होते. त्या पुढच्या बाई तर मालनचा हात धरून टाळ्या वाजवायला बघत होत्या, ते काही जमत नव्हतं.

टाळ्या चालू असतानाच राजाराम मंचावर चढला. कुणी त्याला अडवलं नाही, अडवून तो थांबलाही नसता. धाकूसमोर येऊन उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं भान नव्हतं.

"माका वाटला, तू तुटलंस," तो म्हणाला.

"नाय, दादा," धाकू म्हणाला. "माजी बारी येवची होती."

राजारामनं त्याचा खांदा धरला आणि गदागदा हलवला. मग तो वळून लोकांकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "माजो भाव हा!" आणि झटक्यात खाली उतरला, आपण नको तिथे आलो आहोत हे आत्ता लक्षात आल्यासारखा.

मंडळाचे चिटणीस पुढे आले. शिस्तीचे गृहस्थ, आवाज जरा बसलेला. शेवटचा भाग पुन्हा ऐकायची लोकांची इच्छा आहे, ते म्हणाले. मार्तंडरावांनी धाकूकडे बघितलं. धाकूनं मान हलवली.

पहिला ओबो निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्या रांगेत राजाराम खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता, ओठ घट्ट मिटून. मागची चाळ गप्प होती, पुढच्या रांगा गप्प होत्या. दोघं चांगलं वाजवत होते, तरी सगळ्या सभागृहाची मान हळूहळू मधल्या माणसाकडे वळली. धाकूला ते दिसत होतं. त्यानं पत्ती ओठांशी नेली, कोटाची बाही सारखी केली, आणि आपली बारी येईपर्यंत त्या सगळ्यांना खुशाल वाट बघायला लावली.